पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन: बालाघाटातल्या एका आखाड्यावरचं प्रकरण

पार्श्वभूमी

बीड जिल्ह्याच्या दक्षिण भागात, बालाघाटच्या उतारावर एका कुटुंबाची शेती आहे. वरचं रान मुरमाड, खालचं काळं, आणि दोन्हींच्या मधून गावाची पाणंद गेलेली. आखाडा, म्हणजे शेतावरचं राहण्या-गोठ्याचं ठिकाण, वरच्या रानात. जीप आहे महिंद्राची सीजे-३बी, उंच बॉनेटची विलीज. अमेरिकेत हे मॉडेल १९५३ ते १९६८ या काळात निघालं. आपल्याकडे त्यानंतरही बरीच वर्षं बनत राहिलं. ही गाडी सत्तरच्या दशकातली. मालकाच्या वडिलांनी ती एका सरकारी खात्याच्या लिलावातून घेतली होती.

मालकाला इथे अण्णा म्हणतो. काम केलं ते तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या मिस्त्रींनी; सगळे त्यांना चाचा म्हणतात. तिसरा अण्णांचा पुतण्या, ज्याला ही जीप डोंगरात पळवायची होती. माणसं आणि गाव ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. माझं मशीन शॉप आहे. बेल हाउसिंग, म्हणजे इंजिन आणि गीअरबॉक्स जोडणारं कवच, तपासायला माझ्याकडे आलं, तिथून पुढचं काम मी जवळून पाहिलं. आधीचं अण्णा आणि चाचांकडून ऐकलेलं आहे.

अडचण काय होती

मूळ इंजिन हरिकेन एफ-हेड, चार सिलिंडर, २,१९९ सीसी. यात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतो. या रचनेमुळेच इंजिन उंच झालं आणि बॉनेटही उंच करावं लागलं. एक्झॉस्टची सीट ब्लॉकमध्ये असल्यामुळे ती जळली की नुसतं हेड उतरवून काम भागत नाही. अण्णांच्या जीपमध्ये दोन सिलिंडरांचं कॉम्प्रेशन गेलं होतं. उन्हाळ्यात कार्बोरेटरजवळ पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी रानात बंद पडायची. त्यात २०२३ पासून पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं. कार्बोरेटरचे जुने रबरी भाग आणि नळ्या फुगू लागल्या. आपल्याच उसाचं इथेनॉल आपल्याच जीपला मानवेना.

पण अण्णांना खरं खटकत होतं ते वेगळंच. "आखाड्यावर डिझेलचे कॅन भरलेले हायत. ट्रॅक्टर त्याच्यावर, पंप त्याच्यावर. एका जीपसाठी मी पेट्रोल आणायला तालुक्याला जायलोय," असं ते म्हणायचे. तक्रार रास्त होती. मात्र तिचा अर्थ तिघांनी तीन तऱ्हेने घेतला. अण्णांना शेतावरचं डिझेल वापरायचं होतं, पुतण्याला ताकद हवी होती, आणि चाचांना असं इंजिन हवं होतं ज्याचे सुटे भाग तालुक्यात मिळतील. गाडी नेमकी कुठे चालणार, हा प्रश्न त्या वेळी कुणीच विचारला नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय हरिकेनचंच पूर्ण काम करण्याचा: बोअर, नवे पिस्टन, ब्लॉकमध्ये कठीण धातूच्या एक्झॉस्ट सीट, कार्बोरेटरला आजच्या पेट्रोलला टिकणारं रबर. पुतण्याने तो "एवढा खर्च करून परत पेट्रोलच?" म्हणून उडवून लावला.

दुसरा पर्याय प्यूजोच्या डिझेलचा. महिंद्राच्या एमएम-५४० मध्ये येणारं एक्सडीपी ४.९० (२,११२ सीसी) किंवा त्याचा मोठा भाऊ एक्सडी३पी (२,४९८ सीसी). ही इंजिनं महिंद्राच्या डायरेक्ट इंजेक्शनवाल्यापेक्षा (थेट सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजिनापेक्षा) जास्त आरपीएमवर फिरतात, आवाजाला मऊ, रस्त्यावर चांगली. पण इनडायरेक्ट इंजेक्शन असल्यामुळे थंडीत ग्लो प्लगवाचून (आतली हवा तापवणाऱ्या प्लगवाचून) सुरू व्हायला कुरकुरतात, आणि हेड एकदा तापून वाकलं की खर्च वाढतो.

तिसरं महिंद्राचं स्वतःचं एमडीआय, २,५२३ सीसी, डायरेक्ट इंजेक्शन. याचं मूळ इंटरनॅशनलच्या ट्रॅक्टर घराण्यात आहे. बोअर साडेतीन इंच, स्ट्रोक चार इंच. हे इंजिन सावकाश फिरतं, खडखडतं, आणि ३,२०० आरपीएमच्या आसपास गव्हर्नर, म्हणजे इंधन कमी-जास्त करून वेग आवरणारी यंत्रणा, त्याला अडवतो. ताकद साठ अश्वशक्तीच्या आत. हरिकेनची ताकद कागदावर सत्तरच्या वर होती, म्हणजे डिझेल टाकून गाडीची ताकद कमीच होणार होती. हे पुतण्याला पटायला वेळ लागला.

चौथा पर्याय ही जीप आहे तशी ठेवून कंपनीतूनच डिझेल आलेली, कागदावर डिझेल असलेली जुनी एमएम-५४० घेण्याचा. हा माझ्या मते सगळ्यात स्वच्छ मार्ग होता. तो चर्चेत आला आणि भावनेपुढे टिकला नाही. वडिलांची गाडी उभी ठेवून दुसऱ्याची गाडी दारात आणायची, हे अण्णांना जमण्यासारखं नव्हतं.

निवड एमडीआयची झाली, आणि चाचांचं कारण बिनतोड होतं. महिंद्राने हे इंजिन याच घराण्याच्या चासीत, याच टी-९० गीअरबॉक्सवर बसवून विकलेलं आहे. म्हणजे बेल हाउसिंग कंपनीचंच मिळतं, अडॅप्टर प्लेट कापावी लागत नाही. "इंजन तो बैठ जाता, मालक. बाकी का देखो," चाचा म्हणाले. बाकीचं कुणी पाहिलं नाही आणि जुन्या बाजारातून इंजिन आलंसुद्धा. त्याची पावती आणि ज्या गाडीतून ते निघालं तिच्या नोंदणी रद्द झाल्याची प्रत चाचांनी मागून घेतली होती. पावती नसलेलं इंजिन स्वस्त मिळत असलं तरी ते चोरीच्या गाडीचं निघालं तर जीपही पोलीस ठाण्यात जाते.

कागदाचा प्रश्न

इंजिन शेडमध्ये उतरवल्यावर अण्णांनी आरसी बुकात इंधनाच्या रकान्यात बदल करून घ्यायचं मनात आणलं. पूर्वी पेट्रोलच्या जीपगाड्या डिझेल करून तशी नोंद झालेली कित्येक आरसी बुकं आजही पाहायला मिळतात. त्यामुळे हे काम सोपं असेल, असा सगळ्यांचा समज होता.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ मात्र सांगतं की नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा कोणताही बदल मालकाने गाडीत करायचा नाही. इंधन बदलण्याची सवलत आहे, पण ती विहित अटींवर, मान्यताप्राप्त किट बसवण्यासाठी; सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशांसाठी. जुन्या बाजारातलं अख्खं डिझेल इंजिन म्हणजे किट नव्हे. ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये मालकासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

एका एजंटाने "होऊन जाईल" म्हणून रक्कम सांगितली. अण्णांनी नकार दिला, आणि तो या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय होता. खोटी नोंद तपासणीत उघडी पडते, आणि तोवर एजंटाचा फोन बंद झालेला असतो.

त्यांच्यापुढे दोन वाटा उरल्या: इंजिन परत विकणं, किंवा जीप फक्त स्वतःच्या रानात वापरणं. त्यांनी दुसरी निवडली. तिच्यासोबत आणखी एक गोष्ट ठरली, जी माझ्या मते तितकीच मोलाची आहे. चासीला काहीही कापायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही, सगळे ब्रॅकेट बोल्टाने बसवायचे. हरिकेन इंजिन ऑइल भरून, तोंडं बंद करून शेडमध्ये ठेवायचं. उद्या मन बदललं तर जीप कागदाप्रमाणे परत पेट्रोल करता आली पाहिजे.

प्रत्यक्ष काम

गीअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) जागेवरून हलवायचे नाहीत, हे चाचांनी आधीच ठरवलं. त्यामुळे दोन्ही प्रोपेलर शाफ्ट जसेच्या तसे राहिले आणि लिव्हरच्या जागा बदलल्या नाहीत. इंजिनाची जास्तीची लांबी पुढे रेडिएटरच्या बाजूला गेली.

बेल हाउसिंग कंपनीचं असलं तरी ते दुसऱ्या ब्लॉकचं होतं. ते तसंच बसवू नका, आधी डायल (सूक्ष्म फरक मोजणारं गेज) लावून बघू, असा माझा आग्रह होता. फ्लायव्हीलवर डायल बसवून क्रँक हाताने फिरवला, तर हाउसिंगचं गीअरबॉक्सकडचं भोक अकरा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बाहेर निघालं. पाच थाऊच्या आत असायला हवं. एवढ्या फरकाने गाडी चालते, पण इनपुट शाफ्ट तिरका ओढला जातो, पायलट बेअरिंग खातो, आणि काही महिन्यांनी सेकंड गीअर आपोआप निसटायला लागतो. मग लोक गीअरबॉक्सला शिव्या देतात. आम्ही डॉवेल पिना (हाउसिंग नेमक्या जागी धरणाऱ्या) काढून हाउसिंग सरकवलं आणि नव्या, मध्यापासून किंचित सरकलेल्या पिना करून बसवल्या. ज्याला कुणाला दोन वेगळ्या गाड्यांचं इंजिन आणि हाउसिंग जोडायचं आहे, त्याने हे माप घेतल्याशिवाय क्लच बसवू नये.

पुढची गोष्ट ऑइल पॅनची, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याची. या जीपचं पुढचं डिफरन्शियल मधोमध नसून उजवीकडे असतं. चाचांनी गाडी सपाट जमिनीवर असताना पॅन आणि डिफरन्शियलमधलं अंतर पाहिलं, भरपूर होतं. मग त्यांनी ॲक्सलखाली जॅक लावून पाटे (स्प्रिंगा) पूर्ण दाबले, तेव्हा जेमतेम तीन सूत उरलं. म्हणून पाट्यांवरचे रबरी ठोकळे जाड केले. डिझेल इंजिनाच्या वजनाने पुढचे पाटे दोन बोटं खाली बसलेच होते, त्यांना एकेक पान वाढवलं.

टाकीचं काम धोक्याचं. डिझेलमध्ये पंपाला गेलेलं जास्तीचं इंधन परत टाकीत येतं, त्यासाठी रिटर्न लाइन लागते, आणि पेट्रोलच्या टाकीला ती जागा नसते. पुतण्या टाकी घेऊन वेल्डिंगवाल्याकडे निघाला होता. चाचांनी त्याला अडवलं. पेट्रोलची टाकी वर्षभर रिकामी असली तरी तिच्यात वाफ धरून राहते, आणि टॉर्च लावल्याबरोबर ती फुटू शकते. शेवटी टाकीला उष्णता न लावता, वरच्या गेज युनिटच्या झाकणालाच, ते सुटं काढून, रिटर्नची नळी ब्रेझ केली. टाकी आतून गंजलेली होती, म्हणून फिल्टरच्या आधी पाणी वेगळं करणारा कप बसवला. कॅनमधलं डिझेल भरणाऱ्या शेतकऱ्याला हा कप लागतोच.

वायरिंग सोपं झालं, कारण कॉइल, डिस्ट्रिब्यूटर, प्लग हे सगळं गेलं. पण डिझेलच्या स्टार्टरला जुनी बॅटरी आणि जुनी केबल पुरत नाही. मोठी बॅटरी, जाड केबल, आणि इंजिनापासून चासीपर्यंत वेगळी अर्थची पट्टी घातली. चावी फिरवून हे इंजिन बंद होत नाही. पंपाचा स्टॉप लिव्हर ओढणारी केबल डॅशबोर्डवर आणली.

एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. या जीपचा वायपर व्हॅक्यूमवर चालणारा होता. पेट्रोल इंजिन थ्रॉटलच्या झडपेमागे हवा ओढून व्हॅक्यूम तयार करतं. या डिझेलमध्ये तशी झडपच नाही, इंजिन हवी तेवढी हवा मोकळी घेतं. पहिला पाऊस आला तेव्हा वायपर हलेना. बारा व्होल्टची मोटर बसवली आणि तो विषय संपला.

पहिला उन्हाळा, पहिला पावसाळा

मे महिन्यात, पारा बेचाळीसच्या पुढे असताना, जीप लो गीअरमध्ये शेणखताची ट्रॉली ओढत होती. अर्ध्या तासात पाणी उकळलं. "गरम व्हायली" म्हटल्यावर सगळ्यांनी एका सुरात मोठा रेडिएटर सांगितला. चाचांनी आधी पंख्याकडे पाहिलं. एमडीआय पूर्वीच्या इंजिनापेक्षा खाली बसल्यामुळे पंख्याचा मध्य रेडिएटरच्या मध्यापेक्षा बराच खाली गेला होता, आणि वरच्या अर्ध्या जाळीतून हवाच ओढली जात नव्हती. वेगात गाडीला समोरून वारा लागतो, त्यामुळे हे कळत नाही. पण ट्रॉली ओढताना गाडी चालत्या माणसाइतकी हळू असते. पत्र्याचं शराउड करून पंख्याभोवती बसवलं, पंख्याची पाती त्याच्यात निम्मी आत घेतली. रेडिएटर जुनाच राहिला आणि पुन्हा पाणी उकळलं नाही.

पावसाळ्यात मात्र सगळ्यांच्या लक्षात आलं की अण्णांचा डिझेलचा आग्रह बरोबर होता. टी-९० च्या पहिल्या गीअरचं गुणोत्तर २.८, ट्रान्सफर केसचा लो २.४६, ॲक्सलचा ५.३८, गुणाकार ३७ च्या आसपास येतो. ८०० आरपीएमच्या आयडलला गाडी ताशी तीन किलोमीटरच्या आत सरकते. पेट्रोलवर असताना चिखलात इंजिन दबू नये म्हणून ॲक्सिलरेटर द्यावा लागायचा, चाक फिरायचं आणि गाडी रुतायची. डिझेलचा गव्हर्नर स्वतःच इंधन वाढवून आयडल धरून ठेवतो. पाय उचलून घेतला तरी जीप शांतपणे चिबडातून बाहेर येते. ताकद कमी झाली आणि काम वाढलं, असं पुतण्या आता स्वतःच सांगतो.

एक बिघाड झाला. डायरेक्ट इंजेक्शनचं चार सिलिंडरी इंजिन आयडलला जोरात हादरतं, आणि बोल्टाने बसवलेल्या ब्रॅकेटवर कडक रबर घातलं होतं. पावसाळा संपता संपता डाव्या ब्रॅकेटचा एक बोल्ट तुटला. मऊ रबर, हाय टेन्साइल बोल्ट आणि चासीच्या आतून जाड पट्टी, एवढ्याने ते थांबलं.

खरी अडचण पाणंदीची निघाली. स्वतःच्या रानात कागदाचा प्रश्न नाही, असं धरून जीप वरच्या रानातून खालच्या रानात ये-जा करू लागली होती. मधली पाणंद ओलांडायला दोन मिनिटं लागतात. पण कायद्यातल्या व्याख्येत ज्या वाटेवर लोकांना जाण्याचा हक्क आहे ती सार्वजनिक जागाच. डांबर असो वा नसो. विमा सल्लागाराने स्पष्ट सांगितलं की पॉलिसी पेट्रोलच्या गाडीची आहे, पाणंदीत कुणाला धक्का लागला तर कंपनी दावा लढवेल आणि भरपाई अण्णांच्या अंगावर येऊ शकते. त्या दिवसापासून जीप वरच्या रानातच असते. खाली ट्रॅक्टर जातो. म्हणजे ज्या काळ्या रानासाठी फोर बाय फोर सगळ्यात जास्त लागते, तिथेच ती जात नाही. डोंगरातल्या स्पर्धेला न्यायची तर टेम्पोवर चढवून न्यावी लागते, आणि टेम्पोचं भाडं ऐकून पुतण्याचा उत्साह ओसरला.

वेगळं काय करता आलं असतं

काम चांगलं झालं, यात वाद नाही. चाचांचे बहुतेक निर्णय मी दुसऱ्या कुणालाही डोळे झाकून सुचवेन. खर्च अंदाजाच्या दीडपट झाला. इंजिनाच्या किमतीने तो वाढला नाही. बॅटरी, पाटे, क्लच, रबर, नळ्या अशा किरकोळ म्हणून न धरलेल्या वस्तूंनी वाढला. हे बहुतेक इंजिन बदलांमध्ये होतं, त्यामुळे त्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही.

चुकला तो क्रम. गाडी कुठे चालणार आणि कागद त्याला परवानगी देतो का, हे इंजिन घेण्याआधी ठरायला हवं होतं, कारण यंत्राचे बाकीचे निर्णय त्यावरच अवलंबून असतात. रस्त्यावर चालवायची असती तर ५.३८ चा ॲक्सल जाचक ठरला असता. ६.००-१६ च्या टायरवर ३,२०० आरपीएमला टॉप गीअरमध्ये ताशी ८० किलोमीटरच्या आसपास गाडी संपते, आणि कानाला सोसेल असा वेग पंचावन्न-साठचा. मग पुढचे-मागचे दोन्ही क्राउन-पिनियन (ॲक्सलमधली गीअरची जोडी) ४.८८ चे घालावे लागले असते, ब्रेकही बघावे लागले असते. रानापुरती ठेवायची म्हटल्यावर ५.३८ हाच गुण ठरतो. पुतण्याने ४.८८ च्या जोडीसाठी इसार देऊन ठेवला होता, तो बुडाला.

कागद आधी पाहिले असते तर हरिकेनचा पर्यायही इतक्या झटकन बाद झाला नसता. सीट बदलून, आजच्या पेट्रोलला टिकणारं रबर घालून, पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर नेऊन ती जीप आज पाणंद ओलांडून खालच्या रानात कायदेशीरपणे गेली असती. चिखलात डिझेलइतकी निवांत चालली नसती, पण गेली असती. अण्णांना हे मान्य आहे. चाचांना नाही, त्यांच्या मते वर्षातून तीन महिने चिखल असतो आणि बारा महिने डिझेल स्वस्त पडतं.

पुतण्या आता रस्त्यासाठी एमएम-५४० शोधतो आहे. अट एकच ठेवली आहे: आरसीवर डिझेल लिहिलेलं असावं आणि ब्लॉकवर कोरलेला नंबर त्या आरसीशी जुळावा. उदगीरकडे पाहिलेली एक गाडी दिसायला देखणी होती, पण नंबर घासलेला निघाला, म्हणून ती सोडली. परभणीच्या गाडीचा नंबर जुळतो. तिच्या किमतीवरून बोलणी चालू आहेत.